केबल नसलेल्या घरातला डबा: मुलांसाठी ख्रिस्ती करमणूक कशी जमवायची

आमच्याकडची केबल काही तत्त्वासाठी बंद झालेली नाही. वळवाच्या पावसात गल्लीच्या कोपऱ्यावरची तार तुटली, केबलवाला "आज येतो, उद्या येतो" करत राहिला, आणि तीन आठवड्यांनी तो खरंच आला तेव्हा सासूबाईंनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. "राहू दे बाबा, आता सवय झाली."

सवय त्यांना झाली होती, मुलांना नाही. पहिला आठवडा तर विचारूच नका. टीव्ही गेला म्हणून दोघं माझ्या फोनवर तुटून पडली. मीही म्हटलं, बघू दे, यूट्यूबवर दाविदाचं गाणं लावून देते आणि तेवढ्यात भाकरी थापून घेते. चार भाकऱ्या होईपर्यंत दाविदाच्या गाण्यामागून आपोआप दुसरं, तिसरं, चौथं काहीतरी सुरू झालं होतं. मी बाहेर आले तर पडद्यावर लाल चंद्र आणि एक माणूस जगाचा शेवट अमुक महिन्यात होणार म्हणून ओरडतोय. चॅनेलच्या नावात 'येशू' होतं, चिन्हात क्रूस होता. धाकटा तेव्हा पाच वर्षांचा. दोन रात्री तो दिवा लावून झोपला.

तेव्हा कळलं की मुलांसाठी ख्रिस्ती कार्यक्रम मिळत नाहीत ही तक्रार आता खोटी आहे. मिळतात, ढिगानं मिळतात. त्यातून निवडून देणारं कुणी नसतं, ही खरी अडचण. पोराला शाळेत पाठवताना आपण डबा भरून देतो, "बाजारात जा आणि मिळेल ते खा" असं सांगत नाही. करमणुकीचंही तसंच. मी सांगलीत राहते, रविवार शाळेत शिकवते, घरात दोन मुलं आणि एक सासूबाई. हा डबा भरायला शिकताना काय काय केलं, काय फसलं, ते क्रमानं लिहिते.

आधी वेळ, मग कार्यक्रम

बहुतेक जण 'काय दाखवू' इथून सुरुवात करतात. मीही तसंच केलं आणि फसले. चांगलं सापडलं की ते तासन्‌तास चालायचं, आणि चांगलंच आहे म्हटल्यावर बंद करायला तोंड नाही. म्हणून पहिलं काम वेळ बांधण्याचं. जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये लहान मुलांसाठी मर्यादा सांगितली आहे: दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, त्याहून कमी झालं तर उत्तमच, दोन वर्षांच्या आतल्यांना पडदा नकोच. विषय धार्मिक आहे म्हणून डोळ्यांना आणि झोपेला सूट मिळत नाही.

आमच्याकडे साडेसहा ते सव्वासात. सव्वासातला टीव्ही बंद, मग जेवण, मग प्रार्थना. प्रार्थनेच्या लगेच आधी पडदा नको, हा सासूबाईंचा आग्रह होता. मला तो जुनाट वाटला होता. पण कार्टून बघून उठलेलं पोर डोळे मिटून दोन मिनिटंही बसत नाही, हे महिनाभरात मला पटलं. मध्ये जेवण आलं की डोकं थंड होतं.

डबा म्हणजे पेन ड्राइव्ह

घरातला टीव्ही जुना असला तरी मागे किंवा बाजूला यूएसबीची खाच बहुधा असतेच. बत्तीस जीबीचा एक पेन ड्राइव्ह आम्हाला वर्षभर पुरला. इंटरनेट लागत नाही, जाहिरात येत नाही, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यात आपण ठेवलं तेवढंच असतं. पुढचं काय लागेल हे कुठलं यंत्र ठरवत नाही.

थोडी तांत्रिक कटकट आहे, ती एकदाच. पेन ड्राइव्ह फॅट32 पद्धतीनं फॉरमॅट करा. जुने टीव्ही बहुधा तोच वाचतात. या पद्धतीत चार जीबीपेक्षा मोठी एक फाइल बसत नाही, पण मुलांच्या व्हिडिओंना तेवढं लागतही नाही. फाइल एमपी4 असावी. नावं रोमन लिपीत आणि सुरुवातीला आकडा घालून ठेवा, 01, 02 असे, कारण बरेच टीव्ही नावाच्या क्रमानं दाखवतात आणि जुन्या टीव्हीवर देवनागरी नावांच्या जागी नुसते चौकोन दिसतात. टीव्हीच्या मेन्यूत 'रिपीट' असेल तर ते बंद करा. नाहीतर शेवटचा व्हिडिओ संपला की पहिला परत सुरू होतो आणि "अजून संपलं नाही मम्मी" हे ऐकावं लागतं.

शनिवारी रात्री मी डबा बदलते. पाच नवे, दोन जुने. जुने दोन मुलांच्या पसंतीचे. आपल्याला कंटाळा येतो, पण तेच तेच परत बघायला मुलांना आवडतं, आणि दहाव्यांदा बघताना ती शेजारी बसून मोठ्यानं संवाद म्हणायला लागतात. पाठांतर असंच होतं.

एक लक्षात घ्या. यूट्यूबच्या ॲपमध्ये 'डाउनलोड' केलेला व्हिडिओ त्या ॲपमध्येच राहतो, पेन ड्राइव्हवर जात नाही. कुठल्या तरी वेबसाइटवरून तो ओढून काढण्याचा मार्ग गल्लीतली पोरं सांगतील. मी तो धरत नाही. चोरलेल्या फाइलवर दहा आज्ञा शिकवायच्या, हे काही जमत नाही. बनवणारेच जिथं डाउनलोड करू देतात, तिथून घ्या.

काय भरायचं

सुरुवातीला हमखास मिळणारं म्हणजे 1979 चा 'जीजस' हा चित्रपट. लूकच्या शुभवर्तमानावर तो बेतलेला आहे, जगातल्या शेकडो भाषांत त्याचं रूपांतर झालंय आणि मराठीतही तो आहे. लांबी दोन तासांची, म्हणून मी त्याचे तुकडे पाडून दाखवते: एका संध्याकाळी एक दाखला किंवा एक चमत्कार. वधस्तंभाचा भाग सहा वर्षांखालच्यांना दाखवू नका. थोरलीला मी तो ती आठ वर्षांची झाल्यावर दाखवला, तोही हात धरून, उत्तम शुक्रवारी नव्हे तर त्याआधीच्या शनिवारी, म्हणजे मधले दिवस तिला विचारायला मिळाले.

कार्टूनमध्ये 'सुपरबुक' हिंदीत मिळतं. मूळ मालिका 1981 मध्ये जपानमध्ये तयार झाली, नवी 2011 पासूनची. आमच्या भागातल्या मुलांना टीव्हीमुळे हिंदी कळतंच. चित्रं सुरेख आहेत, मुलं खिळून राहतात. पण त्यात दोन मुलं आणि गिझ्मो नावाचा एक रोबो बायबलच्या काळात जाऊन पोचतात, आणि हे लहानग्यांना सांगून ठेवावं लागतं. धाकट्यानं रविवार शाळेत सगळ्यांसमोर विचारलं होतं, "टीचर, नोहाच्या तारवात रोबोला कुठं बसवलं?" मी त्याची आई आणि मीच टीचर. तोंड लपवायला जागा नव्हती.

बाकीचं तुम्ही शोधालच. शोधताना माझा एक नियम कडक आहे: स्वतः पूर्ण बघितल्याशिवाय पेन ड्राइव्हवर काहीही चढत नाही. दीडपट वेगानं बघते, अर्ध्या तासाचं वीस मिनिटांत होतं, भाजी निवडताना होऊन जातं. बघताना चार गोष्टी तपासते.

भीती. सैतान, नरक, शेवटचा दिवस यांचा वापर पोरांना गप्प बसवायला केलाय का? असेल तर बाद. हाव. "प्रार्थना केली आणि सायकल मिळाली" छापाची गोष्ट असेल तर बाद, कारण उद्या सायकल मिळाली नाही की पोर देवावरच रुसतं. हेटाळणी. दुसऱ्याच्या देवाची, सणाची, कपड्यांची टिंगल असेल तर विचारही न करता बाद. आमची मुलं ज्या वाड्यात खेळतात तिथं गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही निघतात; शेजारच्या आजीच्या हातचे मोदक खाऊन घरी येऊन असलं काही बघायचं, हे माझ्या घरात चालणार नाही. चौथी गोष्ट भाषा. मराठीच्या नावाखाली यंत्रानं वाचलेली, 'तो देवला बोलला' असली मराठी असेल तर गोष्ट कितीही चांगली असो, मी घेत नाही. हल्ली असे यंत्रानं बनवलेले व्हिडिओ फार झालेत. मोशेच्या हाताला सहा बोटं दिसली की समजायचं.

यूट्यूब लागणारच असेल तर

लागतंच कधीतरी, हे मान्य. मुलांसाठीचं वेगळं 'यूट्यूब किड्स' ॲप आहे. त्यात मुलाचं प्रोफाइल उघडताना वयाचे गट विचारतात, आणि त्याच ठिकाणी 'पालकांनी मंजूर केलेलंच' असा एक पर्याय असतो. तो निवडला की शोधायची खिडकीच बंद होते, आपण निवडलेले व्हिडिओ आणि चॅनेल तेवढेच दिसतात. वेळेचा गजरही त्यात लावता येतो. वेळ संपली की ॲप कुलूपबंद. स्वतःचा पासकोड घाला, कारण नुसता गुणाकार विचारणाऱ्या कुलपाचं उत्तर थोरलीनं तिसरीतच द्यायला सुरुवात केली होती.

मात्र मराठी चर्चच्या छोट्या मंडळ्यांनी चढवलेली गाणी या ॲपमध्ये बऱ्याचदा सापडत नाहीत. त्यासाठी मी नेहमीच्या यूट्यूबवर माझ्या खात्यात एक खासगी यादी केली आहे. ती यादीच लावायची, आणि 'ऑटोप्ले' बंद ठेवायचं; म्हणजे यादी संपली की पडदा थांबतो. फोनवर बंद केलं म्हणून टीव्हीवर बंद झालं असं नाही, दोन्हीकडे वेगवेगळं तपासा. त्या लाल चंद्राच्या माणसाला आमच्या घरात याच उघड्या दारानं आणलं होतं.

डेटाचा हिशोब हवा असेल तर: साध्या 360 दर्जावर तासाला साधारण तीनशे एमबी जातात, 720 वर एक जीबीच्या वर. फोनचा रोजचा दीड जीबीचा प्लॅन असेल तर दर्जा कमीच ठेवा.

छतावर थाळी बसवून बिनभाड्याचा 'डीडी फ्री डिश' घेण्याचा सल्ला मला अनेकांनी दिला. मोठ्यांच्या बातम्यांना ठीक आहे. मुलांच्या बाबतीत मात्र तो डबा नव्हे, परत बाजारच.

डोळ्यांना सुट्टी, कानांना काम

मला वाटतं सगळ्यात कमी वापरली जाणारी वस्तू म्हणजे मुलांचे कान. मराठी नव्या कराराचं ध्वनिमुद्रण 'बायबल डॉट इज' या ॲपवर फुकट ऐकता येतं. एक अध्याय पाच-सात मिनिटांचा. सकाळी वेण्या घालताना मार्कचा एक अध्याय लावते. मार्कच का, तर तो सगळ्यात आटोपशीर आहे, सोळा अध्याय, आणि त्यात येशू सतत कुठंतरी निघालेला असतो. मुलांना ते चालणं आवडतं.

पण आमच्या घरातलं सगळ्यात लाडकं ध्वनिमुद्रण कुठल्याच ॲपवर नाही. सासूबाई योसेफाची गोष्ट सांगतात ती मी फोनच्या रेकॉर्डरवर धरून ठेवली. दुपारी पंखा बंद करून, फोन टॉवेलवर ठेवून, त्यांच्यापासून वीतभर अंतरावर. पहिल्यांदा त्यांनी भाषण केलं. "प्रिय बालमित्रांनो" वगैरे. ते पुसून टाकलं. दुसऱ्यांदा धाकट्याला मांडीवर बसवलं आणि मी उठून गेले. मग गोष्ट आली. योसेफाचे भाऊ त्याला खड्ड्यात टाकतात तिथं त्या थांबतात आणि विचारतात, "आता सांग, आपल्या विहिरीएवढा खोल होता का रं?" आणि धाकटा म्हणतो, "त्यात पाणी नव्हतं आजी, तू मागल्या वेळी सांगितलंस." मागे कुकरची शिट्टी, कुणीतरी भंगार मागत जातंय. अकरा मिनिटांची फाइल आहे. मुलं आजारी पडली की हीच मागतात.

तुमच्या घरी आजी-आजोबा असतील तर हे काम या आठवड्यात करा. पुढं ढकलू नका.

चूक शोधा

कार्टून बघून झालं की मुलांच्या हातात बायबल द्यायचं आणि सांगायचं, व्हिडिओवाल्यांनी पदरचं काय घातलं ते शोधा. आमच्याकडे एका चुकीला एक शेंगदाण्याची चिक्की. पहिल्या महिन्यात मी चिक्कीत बुडाले.

बाळ येशूला भेटायला आलेले मागी लोक तिघं होते असं सगळे दाखवतात; मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात आकडाच नाही, आणि ते गोठ्यात नव्हे तर घरात गेले असं लिहिलंय. एदेन बागेत सफरचंद दाखवतात. उत्पत्तीत नुसतं झाडाचं फळ आहे. योनाला देवमासा गिळतो. पुस्तकात फक्त मोठा मासा आहे. नोहाच्या तारवात प्रत्येक प्राण्याची एकेकच जोडी दाखवतात. उत्पत्तीच्या सातव्या अध्यायात शुद्ध प्राणी मात्र सातसात सांगितले आहेत. हे शेवटचं थोरलीनं शोधलं, मला ठाऊकच नव्हतं. मी पाळकसाहेबांना विचारून खात्री केली आणि दोन चिक्क्या दिल्या.

या खेळानं मुलं संशयी होतील अशी एका पालकांना भीती वाटली. माझा अनुभव उलटा आहे. मुलं पुस्तक उघडायला लागली.

गोष्ट आपल्या मातीत आणा

परदेशी कार्टूनमध्ये येशूला बघायला बुटका जक्कय कुठल्या तरी गोलमटोल, बिननावाच्या झाडावर चढतो. मराठी बायबलमध्ये तो उंबरावर चढतो. आपल्याकडे उंबराला काय तोटा! औदुंबरच्या वाटेला लागा, कृष्णाकाठ धरून चाला, झाडं दिसतीलच. मी रविवार शाळेच्या मुलांना घेऊन गेले आणि म्हटलं, सगळ्यात बुटका कोण, त्यानं दाखवा कसं चढायचं. (खाली दोन मोठी माणसं उभी करून. उंबराची फांदी दिसते तेवढी भरवशाची नसते.) नंतर कुणालाच तो धडा विचारावा लागला नाही.

दाविदाचं तर आपल्याकडे सगळं सामान तयार आहे. त्याची गोफण म्हणजे आपल्या शाळवाच्या राखणीतली गोफण. थोरलीला वाटायचं गोफण म्हणजे बेचकी. माझ्या माहेरी, सातारा जिल्ह्यात, शाळू हुरड्यात आला असताना तिच्या मामानं तिला माळ्यावर चढवलं आणि गोफणीचा एक पदर बोटात अडकवून दगड कसा सुटतो ते दाखवलं. दगड पाखरांच्या वरून कुठल्या कुठं गेला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "म्हणजे हे खरंच लागलं असेल."

दाविदानं गोफणीनं लोळवलेल्या गल्याथाची उंची सहा हात आणि एक वीत दिली आहे. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, मोठ्या माणसाचा साधारण 45 सेंटिमीटर. खडू घ्या आणि भिंतीवर मोजा: साडेनऊ फुटांच्या आसपास जातं. आमच्या खोलीत तो उभा राहिला असता तर डोकं पंख्यात गेलं असतं. तो खडूचा खांब सहा महिने भिंतीवर होता, आलेला प्रत्येक पाहुणा त्याला खेटून उभा राहिला. नोहाचं तारू तीनशे हात लांब. शाळेच्या मैदानावर दोरी घेऊन मोजलं तर मैदान संपलं आणि तारू उरलं.

नोहाविषयी एक सांगायलाच हवं. सांगलीतल्या मुलांना पूर ही गोष्ट नाही. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी सत्तावन्न फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी पंचेचाळीसची असताना. 2021 मध्येही पाणी आलंच. आमच्या वर्गातल्या एका मुलाला बोटीतून बाहेर काढलं होतं. तारवाचं रंगीत कार्टून लावलं तेव्हा सगळी हसत होती, तो उठून बाहेर गेला. तेव्हापासून मी ही गोष्ट पावसाळ्यात दाखवत नाही, आणि सांगते तेव्हा मेघधनुष्यापासून सुरू करते: देवानं परत असं करणार नाही म्हणून शब्द दिला, तो का दिला, आता ऐका. क्रम उलटा केला की मूल शेवट हातात धरून आत शिरतं.

नाटक बसवा, सांगलीच आहे ही

मराठी रंगभूमीची सुरुवात ज्या गावात झाली त्या गावात नाटकासाठी निमित्त शोधावं लागू नये. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये इथंच 'सीतास्वयंवर' केलं. आपण नाताळाला गव्हाणीचं नाटक करतो आणि वर्षभर गप्प बसतो. महिन्याला एक करा. पाठ केलेले संवाद नकोत. गोष्ट दोनदा वाचा, पात्रं वाटा आणि सोडून द्या.

सामान घरातलंच. चादर, टॉवेल, पप्पांची लुंगी, जुन्या साडीचा पडदा. सगळ्यात चांगलं जमतं ते वाटेतल्या जखमीला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याचं, कारण त्यात मार खाणारा, मारणारे, न बघता जाणारे आणि गाढव, अशी सगळ्यांना कामं मिळतात. गाढवाच्या भूमिकेसाठी आमच्याकडे भांडणं होतात. उधळ्या पुत्राच्या नाटकात मोठ्या भावाचं काम थोरलीनं मागून घेतलं. परत आलेल्या धाकट्यासाठी बाप मेजवानी देतो तेव्हा तिनं जे तोंड फुगवलं ते अभिनय नव्हता; त्याच सकाळी धाकट्याला नवी चप्पल आणली होती.

शेजारची मुलं येतातच. येऊ द्या, पण त्यांच्या आईवडिलांना आधी सांगून. गेल्या नाताळात आमचा हेरोद शेजारच्या मोरे काकूंचा नातू होता आणि सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडल्या.

गाणी, वाद्यं आणि टिळक

मुलांच्या ख्रिस्ती गाण्यांचा शोध घेताना आपण इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरं आधी उचलतो. हातवारे करून म्हणायला ती मजेची असतात, असू देत. पण कपाटातल्या 'उपासना संगीत' या गीतांच्या पुस्तकावरची धूळ झटका. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना महाराष्ट्र 'फुलामुलांचे कवी' म्हणतो. 1895 मध्ये ते ख्रिस्ती झाले, आणि ओव्या-अभंगांच्या आपल्याच वळणात त्यांनी ख्रिस्ताची भक्ती गायली. त्यांची शेवटची वर्षं आपल्या साताऱ्याशी जोडलेली आहेत: मिशनची नोकरी सोडून 1917 मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला तो साताऱ्यात. मुलांना हे सांगा. येशूवर गाणी लिहिणारा माणूस आपल्या एसटीच्या वाटेवरच्या गावात राहत होता, याचं त्यांना भारी अप्रूप वाटतं.

वाद्य घ्यायचं तर मिरज हाकेच्या अंतरावर. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सतार घ्या असं मी म्हणत नाही. एक ढोलकी आणि झांजांची जोडी बास आहे. पण दुकानात मुलांना घेऊन जा, भोपळा कसा वाळवतात, तार कशी चढवतात ते कारागिराला विचारू द्या. एक सुट्टीची दुपार तिथं सहज जाते आणि तिकीट नाही.

वाचनाचं थोडक्यात: थोरलीसारखी दहाच्या पुढची मुलं असतील तर लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'तले निवडक प्रसंग मोठ्यानं वाचून दाखवा. सगळं नाही, त्यात दुःखही पुष्कळ आहे. टिळकांचा विसराळूपणा आणि लक्ष्मीबाईंचा वैताग वाचताना आमच्याकडे सासूबाईंसकट सगळे लोळतात. आणि पाचगणीजवळचं भिलार, 2017 पासूनचं पुस्तकांचं गाव, मे महिन्यात एकदा कराच. लोकांच्या घरात बसून पुस्तक वाचायचं, आणि बाहेर स्ट्रॉबेरीचे वाफे.

चार घरं मिळून

हे सगळं एकटीनं केलं तर दोन महिन्यांत हात टेकतात. मी टेकले होते. मग रविवार शाळेतल्या चार घरांनी वाटणी केली. महिन्यातला एक आठवडा एका घराचा: त्या घरानं व्हिडिओ आधी बघायचे, निवडायचे, पेन ड्राइव्ह भरायचा आणि रविवारी उपासनेनंतर बाकी तिघांना द्यायचा. शंका असेल तिथं चिठ्ठी जोडायची: "तिसऱ्यात आठव्या मिनिटाला मारामारी आहे." नावडलेल्या व्हिडिओंचीही यादी ठेवतो, म्हणजे तेच परत कुणी तपासत बसत नाही. चौघांची आवडनिवड जुळत नाही. एका घराला ढोल-गिटारचं चालत नाही, दुसऱ्याला कार्टूनमध्ये येशूचा चेहरा दाखवलेला चालत नाही. वाद घातले नाहीत; ज्याच्या घरात जे चालत नाही ते त्यानं आपल्या पेन ड्राइव्हवरून पुसावं, असं ठरलं.

आणि पेन ड्राइव्हवर नेलपॉलिशनं घराचं नाव लिहा. चारही काळे, चारही सारखे. आमच्याकडे एकदा मंडळीतल्या एका दादांच्या लग्नाचं शूटिंग आलं, आणि मुलांनी ते पूर्ण बघितलं. वरात आल्यावर धाकटा म्हणाला, "मम्मी, हा काना गावच्या लग्नाचा व्हिडिओ आहे का? येशू पाण्याचा द्राक्षारस कधी करतो?"